शिऊरकर सरांनी न विचारलेला प्रश्न

गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. जेवणाआधी एकेक जण उठून आठवणी सांगत होता. माझ्यापेक्षा एक वर्ष मागं असलेल्या एका वकिलानं शिऊरकर सरांचा किस्सा सांगितला. पोळ्याच्या दिवशी सरांनी भर वेशीत, हलगी वाजत असताना, गावच्या पाटलाला विचारलं की तुमचा बैल पुढं हे कोणी ठरवलं, आणि त्यापायी नोकरी गेली तरी त्यांनी माफी मागितली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तो पाटील म्हणजे माझे वडील. आणि सरांनी तो प्रश्न विचारला नव्हता. हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं त्यांच्यातला आता बहुधा मी एकटाच उरलोय. माझं वय ऐंशीच्या पुढं गेलं आहे. तेव्हा आता लिहून टाकतो.

शिऊरकर सर आम्हाला पहिल्या वर्षाला समाजशास्त्र शिकवायचे. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अ‍ॅक्शनला पंधराएक वर्षं झाली असतील. तेव्हाच्या औरंगाबादेत समाजशास्त्र हा विषय नवाच होता. तो घेणाऱ्यांत आम्ही खेड्यातली पोरं जास्त, कारण त्यात गणित नाही एवढंच आम्हाला कोणीतरी सांगितलेलं. सर वैजापूरकडचे, पण त्यांचं सगळं शिक्षण हैदराबादला, उर्दूत झालेलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत उर्दू शब्द अध्येमध्ये येऊन बसायचे. 'उदाहरणार्थ' ते कधी म्हणाले नाहीत. 'मसलन' म्हणायचे. कोणतीही व्याख्या सांगितली की थांबायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "मसलन..." मग पुढं काय येईल याचा नेम नसे. कॉलेजात त्यांना मसलन सरच म्हणत. त्यांनाही ते माहीत होतं.

उंच, काटकुळे. बंद गळ्याचा एकच काळा कोट, उन्हाळ्यातही. पडेगावच्या रस्त्याला एक खोली घेऊन राहायचे आणि सायकलवर यायचे. वर्गात शिरताना पायजम्याला लावलेली लोखंडी क्लिप काढायला विसरायचे. सगळा तास एक पाय घट्ट बांधलेला आणि एक मोकळा. आमच्यातल्या कोणालाही, अगदी मेंढरं राखून आलेल्या पोरालाही, त्यांनी अरे-तुरे केलं नाही. बाकीचे प्राध्यापक आम्हाला "ए टोपी" म्हणून हाक मारत. हे म्हणायचे, "तुम्ही सांगा." पहिल्या दिवशी मी मागं वळून पाहिलं, आणखी कोणी उभं आहे का.

त्यांच्या हजेरीला "येस सर" चालत नसे. नाव पुकारलं की येताना रस्त्यात काय पाहिलं ते एका वाक्यात सांगायचं. ज्याला काही दिसलं नाही तो हजर नाही. सुरुवातीला आम्ही काहीबाही सांगायचो: म्हैस पाहिली, सायकलवाला पडला. ते मान हलवून लिहून घ्यायचे. मग एक दिवस एका मुलानं सांगितलं, "सर, शहागंजात टांगेवाला एकाला म्हणला, 'कहाँ तशरीफ ले जाना साब', अन् मला म्हणला, 'किधर रे'."

सरांनी खडू खाली ठेवला. "त्या 'साब'च्या अंगावर काय होतं?"

"कोट होता, सर."

"तुम्ही उद्या माझा कोट घालून जा."

आम्हाला वाटलं गंमत करतायत. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच कोट काढून दिला. पोरगं बुटकं, कोट गुडघ्याला. तो तसाच शहागंजात जाऊन आला. सर सदऱ्यावर उभे राहून वाट पाहत होते. "काय म्हणाला?"

"म्हणला, 'किसका उठा के लाया रे?'"

वर्ग हसून लोटपोट झाला. सरही हसले. मग फळ्यावर लिहिलं: दर्जा. "कोट बदलला की दर्जा बदलतो असं पुस्तकात म्हटलं असतं तर ते चूक ठरलं असतं. टांगेवाल्याला कोटाच्या आतलाही दिसतो. कसा दिसतो? मसलन, चालण्यावरून. आता पान उघडा."

असं शिकवायचे. आधी रस्ता, मग पान.

एकदा वर्गात आले आणि म्हणाले, "कोणी जागा सोडू नका. नुसतं आजूबाजूला बघा." आम्ही बघितलं. पुढं डाव्या हाताला पाच मुली. मधल्या रांगांत गुलमंडी, औरंगपुऱ्याची शहरी पोरं. भिंतीकडेला आम्ही खेड्यातले, त्यातही पाटला-देशमुखांची पुढं. मिलिंद म्हणून एक हुशार मुलगा शेवटच्या बाकावर, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी. कोणी हललं नाही. पंखा नव्हताच, तो घाम आता एकदम जाणवायला लागला.

"मी कोणाला बसवलं नाही," सर म्हणाले. "प्राचार्यांनीही नाही. हे कोणी ठरवलं?"

हा त्यांचा प्रश्न. ते होते तोवर आम्ही तो रोज ऐकला. खडूच्या पेटीवरून, पंगतीवरून, मुलींच्या वेगळ्या जिन्यावरून. हे कोणी ठरवलं? त्यांनी उत्तर कधी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तासाआधी सगळा वर्ग व्हरांड्यात उभा. आत जायला कोणी तयार नाही, कारण कुठं बसलं तरी त्याचा काहीतरी अर्थ निघणार. सर सायकलवरून उतरले, आम्हाला पाहिलं आणि म्हणाले, "आता आपण समाजशास्त्र सुरू करू."

ते चुकायचेही. घरात वर्तमानपत्र पहिल्यांदा कोणाच्या हातात जातं, मग कोणाच्या, हे एकदा सगळ्यांना विचारत होते. वडील, मग काका, मग थोरला भाऊ, असं चाललं होतं. मिलिंद उभा राहिला. "आमच्या घरी पेपर येत नाही, सर."

 पुढच्या बाकावरच्या मुली खाली बघायला लागल्या. सर म्हणाले, "चूक माझी. मी धरून चाललो. लिहून घ्या सगळ्यांनी: शिकवणाराही एका घरातूनच येतो." आणि उभ्यानंच त्याची माफी मागितली. प्राध्यापकानं विद्यार्थ्याची माफी मागितलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. माझ्या घरात कोणी कोणाची माफी मागत नसे.

आता पोळ्याचं.

आमचं गाव दौलताबादच्या पुढं, वेरूळच्या रस्त्याला. नाव लिहीत नाही, तिथं अजून आमची माणसं आहेत. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते पोलीस पाटील. पोळ्याला सगळ्या गावचे बैल वेशीपाशी रांगेत उभे राहतात, वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, आणि मानाचा बैल ते तोडून पहिल्यांदा आत जातो. तो मान आमचा. मी लहानपणापासून तेच पाहिलेलं. वर्गात रूढी हा विषय चालू होता, तेव्हा मीच हात वर करून सांगितलं, सर, आमच्या गावी चला. मला माझ्या वर्गमित्रांना दाखवायचं होतं की भिंतीकडेला बसणारा हा पोरगा गावात कोण आहे.

सर लगेच हो म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, "जाऊ. पण एका अटीवर."

ती अट त्यांनी दौलताबादला बस थांबली तेव्हा चहाच्या टपरीपाशी सांगितली. आम्ही सात-आठ जण होतो. बशीतला चहा फुंकत म्हणाले, "आज फक्त बघायचं. प्रश्न नाही. कोणालाही नाही. आजचा दिवस त्यांचा आहे. जे विचारायचं ते परत आल्यावर वर्गात." मग बशी खाली ठेवून माझ्याकडे पाहून पुन्हा म्हणाले, "वर्गात."

हे वाक्य मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. सगळं प्रकरण या वाक्यावर अडलेलं होतं.

गावात आमचं चांगलं स्वागत झालं. दादांनी सरांना ओसरीवर गादीवर बसवलं. सर गादीच्या कडेला बसले. ऊन कलल्यावर सगळे वेशीकडं निघालो. बैल रंगवलेले, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. आमची जोडी सगळ्यात पुढं. मागं बाकीच्यांची, आणि पार शेवटाकडं नबी पटेलांची. नबीभाई म्हणजे गावातलं एकुलतं एक मुसलमान कुळवाडी घर. ॲक्शनच्या दिवसांत त्यांचे वडील गावाबाहेर गेले ते परत आले नाहीत, एवढंच मला ठाऊक होतं. कुठं गेले हे आमच्या घरात कोणी बोलत नसे. नबीभाई साधा माणूस. पोळ्याला त्यांच्याही बैलांना पुरणाचा घास असायचा.

हलगी वाजत होती. दादांच्या हातात कासरा. माझे मित्र बाजूला उभे, सर त्यांच्या मागं. आणि मला वाटलं, हीच वेळ. दादांनी सगळ्यांसमोर सांगावं, खापरपणजोबांपासूनचं. म्हणून मी सरांच्याच सुरात, मोठ्यानं विचारलं, "दादा, आपला बैल पुढं, हे कोणी ठरवलं?"

दादा खूश झाले. पाहुण्यांकडं बघून म्हणाले, "कोन ठरवायचं? पूर्वापार हाय हे."

मी थांबायला पाहिजे होतं. पण खापरपणजोबांची गोष्ट आलीच नव्हती. "पूर्वापार म्हणजे कधीपासून?"

दादांनी तोंड उघडायच्या आत रांगेच्या मागून आवाज आला. नबीभाईंचा धाकटा भाऊ यासीन. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा असेल. "मी सांगतो ना. ॲक्शन झाली त्याच्या फुडच्या पोळ्यापासून. त्याच्या आधी आमच्या अब्बांचा बैल जायचा. इचारा कुणालाबी."

हलगी थांबली. कोणी कोणाला विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांनी जमिनीकडं पाहिलं, आणि मला ते पुरेसं होतं. माझ्या चुलत्यानं बैल हाकायची पराणी उलटी धरली. "ए, तोंड सांभाळून. पाटलाम्होरं बोलतोस?"

"खोटं बोललो काय?"

"यासीन, चुप बैठ," नबीभाई म्हणाले. "मुंडी नीचे कर." मग दादांकडं वळून, "पाटील, लेकरू हाय. तुमी न्या बैल."

"नाय," दादा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता, आणि तो हळू झाला की आम्ही घरात भिंतीला चिकटायचो. "आता तो काय बोलला ते सगळ्यांम्होरं परत बोलू दे."

चारपाच जण यासीनच्या भोवती सरकले. बैल बुजायला लागले. एकाचं शिंग झुलीत अडकून झूल फाटली तो आवाज मला आठवतो. तेव्हा सर पुढं आले. गर्दीतून वाट काढून दादांच्या आणि यासीनच्या मध्ये उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "पाटील, ही मुलं माझ्याबरोबर आलीत. चूक झाली असेल तर माझी. सण पुरा होऊ द्या."

वेशीत सर बोलले ते एवढंच. लांबून पाहणाऱ्यांना पाटलाच्या समोर काळ्या कोटातला एक माणूस बोलताना दिसला, आणि पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावरूनच तयार झाल्या.

नबीभाईंनी आपले बैल वळवले. तोरणाखालून न जाताच ते सजवलेले बैल घराकडं परत गेले. यासीन त्यांच्या मागं. मग आमच्या बैलानं तोरण तोडलं.

 दुसऱ्या दिवशी हजेरीत माझं नाव आलं. मी म्हणालो, "काही पाहिलं नाही, सर." नियमानं मी गैरहजर. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. तास संपल्यावर व्हरांड्यात मला थांबवलं.

"तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?"

"नाही, सर."

"मला अंदाज होता. तुमच्या गावाबद्दल नाही. पण आमच्याकडंही अशी गावं आहेत. म्हणून म्हटलं होतं, आज नको." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घरी फार ओरडले का?"

दादा ओरडले नव्हते. ते माझ्याशी बोलतच नव्हते. त्यांची अडचण मला आता कळते. पोटच्या पोरानं वेशीत आपल्याला उघडं पाडलं, हे गावात राहून त्यांना झेपणारं नव्हतं. पण शहरातून आलेल्या कोण्या मास्तरानं पोराचे कान भरले असतील, तर पाटील पाटीलच राहतो. त्यांना मास्तर हवा होता. संस्थेच्या संचालकांत त्यांच्या ओळखीचे लोक होते. तक्रार गेली.

सर कायम नव्हते, वर्षाच्या करारावर होते. तक्रार खरी ठरली तर दिवाळीनंतर त्यांना ठेवायचं नाही, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. त्यांच्यामागं गावी म्हातारे आईवडील आणि लग्नाची बहीण होती, हेही ठाऊक होतं. आमच्या वर्गातली पोरं मला म्हणत होती, तू खरं सांग म्हणजे झालं. मिलिंदही म्हणाला. "टपरीवर सर काय म्हणले ते सांग. मी होतो तिथं. पण मला ते इचारनार नायत."

त्याला खरंच कोणी विचारलं नाही.

चौकशीच्या दिवशी दादा आणि मी गावाहून बसनं शहरात आलो. पडेगाव आलं तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. "काय बोलायचं ते तुला ठाऊक हाय."

"व्हय," मी म्हणालो.

प्राचार्यांच्या खोलीत प्राचार्य, संचालकांपैकी दोघं आणि दादा खुर्च्यांवर. सर खिडकीजवळच्या स्टुलावर. मी उभा. प्राचार्य माणूस वाईट नव्हता. त्यानं प्रश्न अगदी सोपा करून विचारला. "तो प्रश्न तू आपल्या मनानं विचारलास, की सरांनी विचारायला सांगितला होता?"

मी दादांकडं पाहिलं नाही. सरांकडंही नाही. टेबलावर काचेचा पेपरवेट होता, त्याच्यात रंगीत फूल होतं. "सरांनी सांगितलं होतं," मी म्हणालो.

 एका संचालकानं सुस्कारा टाकला, काम झाल्यासारखा. प्राचार्यांनी सरांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

आता ते चहाच्या टपरीचं सांगतील, मुलांची नावं घेतील, मिलिंदला बोलवा म्हणतील. मी वाट पाहत होतो. त्यांनी ते सांगावंच, असं मनात कुठंतरी मला वाटत होतं.

सर उभे राहिले. चष्मा कपाळावर सरकवला. "मी वर्षभर हाच प्रश्न शिकवतो," ते म्हणाले. "तो मुलानं विचारला. कुठं विचारला, त्याची जबाबदारी माझ्यावर येते."

"म्हणजे तक्रार मान्य?"

"शिकवतो, ते मान्य आहे."

"पण तुम्ही त्याला त्या दिवशी विचार म्हणालात का, एवढं सांगा."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. हजेरी घेताना पाहायचे तसं, आता हा काय सांगतो म्हणून. मी पुन्हा पेपरवेटकडं बघायला लागलो. मग ते म्हणाले, "त्यानं सांगितलं आहे. मी त्याला त्याच्या वडिलांसमोर खोटं पाडणार नाही."

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही परत आलो तेव्हा समाजशास्त्राला नवे प्राध्यापक होते. हजेरीला "येस सर" सुरू झालं. मिलिंद त्या वर्षात माझ्याशी पुन्हा बोलला नाही. पुढच्या उन्हाळ्यात नबीभाईंनी बैल विकले आणि घर बंद करून ते शहरात राहायला गेले. त्यांची जमीन कोणी घेतली हे लिहायची गरज नाही.

मी पदवी घेतली, तहसील कचेरीत नोकरीला लागलो. दादा होते तोवर पोळ्याला आमचाच बैल पुढं गेला, आणि कासरा पुष्कळदा माझ्या हातात असायचा.

सर मला त्यानंतर एकदाच दिसले. बारातेरा वर्षं गेली असतील. कन्नडच्या बसस्थानकावर मी साहेबांच्या दौऱ्यासाठी थांबलो होतो. गर्दीत उंच माणूस दिसला. काळा कोट नव्हता, खादीचा सदरा होता. केस बरेच पिकलेले. मी पळून जाऊ शकलो असतो. गेलो नाही, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल.

"सर."

त्यांनी लगेच ओळखलं. नाव घेतलं. कन्नडजवळच्या एका हायस्कूलवर शिकवत होते. "भूगोल," म्हणाले. "पण चालतं." मग पहिलंच विचारलं, "नबी पटेलांचं कसं आहे?"

मी सांगितलं, शहरात आहेत, यासीन मोटारी दुरुस्त करतो, असं ऐकलंय. ऐकलंय म्हणताना मला लाज वाटली, कारण कचेरी त्यांच्या मोहल्ल्यापासून चालत जाण्याएवढी होती. सर मान हलवत राहिले. बस लागली. लोक दाराकडं धावले. मी त्यांच्याबरोबर चालत होतो. तेव्हा एकदम म्हणालो, "सर, त्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी तिथंच होतो."

"मला माफ करा."

ते थांबले. मागचे लोक आम्हाला ढकलत होते. "हे घरी सांगितलंत?"

"नाही, सर."

"नबीभाईंना?"

मी बसच्या पाटीकडं पाहिलं.

"मग मला कशाला सांगता?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण पहिल्यांदाच त्यांनी मला उत्तर शोधायला वेळ दिला नाही. "मला ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

आणि ते गर्दीबरोबर वर चढले. बसायला जागा मिळाली नाही. मी खिडक्यांमधून बघत होतो. ते मधल्या वाटेत एका हातानं वरचा दांडा धरून, मान जरा वाकवून उभे होते, कारण छत त्यांना बुटकं पडत होतं. कंडक्टरनं घंटी मारली. बस वळली तेव्हा सगळे उभे लोक एका बाजूला झुकले, त्यांच्यात तेही झुकले. मग दांड्यावरच्या हातांत त्यांचा कोणता ते मला कळेना.